कंडक्टरला पण असंच सांगायचात का?

माझी एकतीस वर्षांची नोकरी एसटीच्या आगारात झाली, त्यातली शेवटची चौदा वर्षं रोखपालाच्या खिडकीत. रात्री शेवटची गाडी आली की कंडक्टर भरणा करायला यायचे. वेबिल (फेरीतल्या तिकिटांच्या नोंदीचा कागद), तिकिटं आणि रोकड यांचा मेळ बसेपर्यंत त्यांना जाऊ द्यायचं नाही, हा नियम. दोन रुपये कमी पडले तरी कमीच. आणि दोन रुपये जास्त निघाले तर त्याहून वाईट, कारण कोणाला तरी तिकीट दिलेलं नाही असा त्याचा अर्थ. ड्यूटीवर निघतानाच कंडक्टरला खिशातली खासगी रक्कम वेबिलावर लिहून द्यावी लागते. म्हणजे वाटेत तपासणी झाली तर महामंडळाचे पैसे कुठले आणि त्याचे स्वतःचे कुठले, यावर वादच होत नाही.

हे सगळं रक्तात भिनलेली बाई निवृत्तीनंतर गावातल्या एका छोट्या ट्रस्टची खजिनदार झाली आणि तिथेच चुकली. ती बाई मी. आमची संस्था लहान आहे. चिपळूणच्या बाजारपेठेपासून रिक्षाने वीस मिनिटांवर एक अभ्यासिका, थोडी पुस्तकं आणि दरवर्षी साठ-सत्तर मुलांना वह्या-दप्तरं, एवढंच काम. विश्वस्त सात. वर्षाची उलाढाल लाख-सव्वा लाखाच्या वर कधी गेली नव्हती. मग २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या आगाराचे व्यवस्थापक सुमारे नऊ लाखांची रोकड वाचवायला बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, ते तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिलंच असेल. आमच्या अभ्यासिकेतही कमरेएवढं पाणी होतं. आणि पुढच्या दोन महिन्यांत पुणे, मुंबई, ठाणे, अगदी दुबईहूनसुद्धा ओळखीच्यांनी पैसे पाठवले. ज्या संस्थेने वर्षात सव्वा लाखाच्या वर पाहिलं नव्हतं, तिच्याकडे पावणेचार लाखांवर जमा झाले.

सप्टेंबरात गणपती आले. आरतीनंतर प्रसाद वाटत असताना दुधाचा टेम्पो चालवणारा एक पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, पुराचे पैसे किती जमले नि उरले किती?"

मी म्हटलं, "ऑडिट झालं की कळेल सगळ्यांना."

तो म्हणाला, "कंडक्टरला पण असंच सांगायचात का?"

लोक हसले. मला राग आला. त्या रात्री तावातावाने वह्या काढल्या, उद्या याच्या तोंडावर आकडा फेकते म्हणून. आकडा मिळायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांतून आमची जी पद्धत तयार झाली, ती खाली लिहिते आहे. ट्रस्ट, वाचनालय, महिला मंडळाची संस्था, देवस्थानाची कमिटी, कोणाच्याही उपयोगी पडेल. एकच कसोटी मनात धरा. कोणीही यावं, एका पावतीचा नंबर सांगावा आणि ते पैसे बँकेत कधी गेले, कशावर खर्च झाले, हे तुम्हाला दहा मिनिटांत दाखवता यावं.

आधी परिशिष्ट १ काढा

हिशेबाच्या आधी हा कागद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, त्याखाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेचा उतारा धर्मादाय कार्यालयात असतो. त्यालाच सगळे पीटीआर किंवा परिशिष्ट १ म्हणतात. त्यावर विश्वस्तांची नावं, मालमत्ता, उद्देश असतात. आमच्या उताऱ्यावर दोन विश्वस्त मयत होते, त्यातले एक नऊ वर्षांपूर्वी गेलेले. प्रत्यक्षात काम करणाऱ्या तिघांची नावं कागदावर नव्हतीच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आम्ही कोण? विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. खेड्यापाड्यांत तो वर्षानुवर्षं राहतो आणि भांडण झालं की नेमका तोच उघडा पडतो. हे काम किचकट आहे, खेपा घालाव्या लागतात. तरी आधी तेच करा.

नोंदणी क्रमांकाच्या पुढचं अक्षरही पाहून ठेवा. ए म्हणजे हिंदू देवस्थान, ई म्हणजे इतर सार्वजनिक ट्रस्ट, एफ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचीही नोंद असलेली संस्था. देणगी मागायला आलेल्या माणसाच्या पावतीवर हा क्रमांकच नसेल, तर तिथेच थांबून विचारा. नोंदणी नसलेल्यांनी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी कलम ४१ क खाली घेतात, तीच. पुराच्या वेळी डबे घेऊन फिरणाऱ्या किती जणांकडे ती होती, ते देव जाणे.

पावती पुस्तक म्हणजे तिकिटांचा गठ्ठा

पावती छापील आणि क्रमांक घातलेलीच हवी. हे सगळे करतात. न केलेलं काम असतं ते पुस्तक देण्या-घेण्याच्या नोंदीचं. पुस्तक क्रमांक ७, पावती ३०१ ते ३५०, कोणाला दिलं, कोणत्या तारखेला, परत कधी आलं, किती पानं कोरी. आगारात तिकिटांचा एक गठ्ठा सहीशिवाय बाहेर जात नसे. आमच्या संस्थेत मात्र पुस्तक "तिकडे कोणाकडे तरी" असायचं. खाडाखोड झालेली पावती फाडून फेकू नका. मूळ आणि स्थळप्रत दोन्हींवर "रद्द" लिहून जागच्या जागी टाचा. मधला एक नंबर गहाळ असला तर बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका तिथेच येते, आणि ती बरोबरच आहे.

आलेली रोख पूर्ण बँकेत भरायची आणि मगच काढून खर्च करायची. जमा झालेल्यातून परस्पर हमाली दिली की मेळ गेलाच म्हणून समजा. किरकोळ खर्चाला वेगळे तीन हजार ठेवायचे, ते संपले की व्हाउचर दाखवून पुन्हा भरून घ्यायचे. बँकेत तीन विश्वस्तांच्या सह्यांचे नमुने आणि चेकवर त्यांतल्या कुठल्याही दोघांच्या सह्या. नवरा-बायको किंवा बाप-लेक अशा जोड्या त्यात नकोत.

आता क्यूआर कोड. आमच्या घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच. पुराच्या गडबडीत सेक्रेटरींनी स्वतःच्या फोनचा नंबर व्हॉट्सॲपवर टाकला, "संस्थेला मदत इथे पाठवा" म्हणून. भाबडेपणाने टाकला. पैसे त्यांच्या खात्यावर येत गेले. घरचा किराणा, मुलीची फी आणि पूरग्रस्तांची मदत एकाच पासबुकात. मी हिशेब लावायला बसले तेव्हा असं निघालं: बँकेत थेट आलेले २,६१,४००, पावतीवरची रोख ९४,०५० आणि सेक्रेटरींच्या फोनवर आलेले २९,२००. एकूण ३,८४,६५०. त्या २९,२०० पैकी २३,००० ची बिलं त्यांनी आणून दिली. उरलेले ६,२०० चिखल उपसायच्या पंपाला, डिझेलला आणि हमालांना दिले होते. ते मी स्वतः पाहिलेलं होतं. पण कागद नव्हता.

म्हणून क्यूआर कोड संस्थेच्या नावाच्या खात्याचाच, बँकेकडून घेतलेला. स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, माणसाचं नाही. एकाही दिवसाचा अपवाद नको. पुराच्या दिवशी तर नकोच नको.

बिल मिळत नाही तिथे

टेम्पोवाला, हमाल, चिखल काढणारी माणसं बिल देत नाहीत. मग व्हाउचर आपण लिहायचं: नाव, गाव, काय काम, किती वेळ, किती रुपये, सही किंवा अंगठा, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या सह्या. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात रोख दहा हजारांच्या वर देऊ नका. प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च संस्थेच्या कामावर झालेला धरला जात नाही.

विशिष्ट कामासाठी आलेला पैसा वेगळ्या रकान्यात. पुराचे पैसे अभ्यासिकेच्या वीजबिलाला वापरायचे नाहीत, "नंतर भरू" म्हणूनही नाहीत. उरले तर ठराव करून त्याच माणसांच्या कामाला लावायचे आणि देणगीदारांना कळवायचं.

वस्तूंची वही निराळी. आमच्याकडे चादरी आल्या, पातेली आली, आणि एका सोसायटीकडून पोतीभर वापरलेल्या साड्या आल्या. त्या पाठवणाऱ्या गृहस्थांनी ८०जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली, तीही साड्यांची किंमत स्वतःच ठरवून! वस्तूंच्या देणगीला ती सवलत नसते. रोख देणगीलाही दोन हजारांपर्यंतच, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. नम्रपणे सांगायचं. चादरी किती आल्या, किती वाटल्या, किती उरल्या, हे मात्र नगावारी लिहायचं.

वाटपाची यादी सह्यांनिशी ठेवा, पण ती भिंतीवर लावू नका. हा मुद्दा मी आमच्या सभेत भांडून पास करून घेतला. ४६ घरांना भांडी दिली, हा आकडा गावाचा आहे. कोणत्या घरात पातेलं नव्हतं, ही त्या घराची गोष्ट आहे. यादी ऑडिटर पाहील, विश्वस्त पाहतील, बास. मदत घेताना फोटो काढणं आम्ही त्याच सभेत बंद केलं.

नातेवाईक

लहान गावात वह्या विकणारा कोणाचा तरी मेहुणा असणारच. त्याच्याकडून घेऊच नये असं मी म्हणत नाही. कधीकधी तोच स्वस्त देतो. पण तीन दुकानांचे दर लेखी घ्यावेत, ज्याचा मेहुणा त्या विश्वस्ताने त्या विषयापुरतं सभेतून उठून बाहेर जावं, आणि "अमुक विश्वस्तांचे नातेवाईक असल्याने ते चर्चेत नव्हते" असं इतिवृत्तात लिहावं. खासगी रोख वेबिलावर आधी लिहिण्यासारखंच हे आहे. विश्वस्ताला किंवा त्याच्या घरच्यांना संस्थेच्या पैशातून वाजवीपेक्षा जास्त फायदा गेला तर करसवलतही धोक्यात येते.

ऑडिट रिपोर्ट वाचायचा तो शेवटून

हिशेब ३१ मार्चला बंद करायचा आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण. ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये, जमाखर्च परिशिष्ट ९ मध्ये. पण मला विचाराल तर सामान्य माणसाने आकड्यांच्या आधी ऑडिटरची प्रश्नोत्तरं वाचावीत. नियम १९ खाली ऑडिटरला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड आणि व्हाउचर वह्यांशी जुळत होती का? विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचं देणं-घेणं लागतो का? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या होत्या का? सभा नियमित झाल्या का, इतिवृत्त आहे का? सगळीकडे डोळे झाकून "होय, होय, नाही, लागू नाही" टाइप केलेलं असेल आणि वर्षात बांधकाम झालेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर प्रश्न कुठे विचारायचा ते तुम्हाला कळलं.

"ऑडिट झालंय" हे उत्तर नव्हे. माझंच वाक्य होतं ते, म्हणून सांगते. ऑडिटर वर्षातून एकदा येतो, आपण पुढ्यात ठेवलेले कागद पाहतो. पंप खरंच चालला का, हे गावाला माहीत असतं, त्याला नाही.

प्राप्तिकराकडची कामं सीएकडून करून घ्या: नोंदणीची मुदत कधी संपते ते, विवरणपत्र, आणि ८०जी असेल तर देणगीदारांच्या नावांचं वार्षिक पत्रक. ते ३१ मेपर्यंत द्यावं लागत आलं आहे, आणि त्यासाठी देणगी घेतानाच पॅन लिहून घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे नंबर बदललेत. लोक ८०जी म्हणतात, म्हणू द्या. तुम्ही मात्र छापील पावतीवरचा मजकूर सीएला दाखवून घ्या.

भिंतीवरचं पत्रक

आता त्या अकरा दिवसांनंतरचं. मी एका कागदावर हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि अभ्यासिकेच्या दारावर लावलं.

पुराची मदत, जमा: ३,८४,६५०
भांडी, चादरी (४६ घरं): १,७२,३००
वह्या, पुस्तकं, दप्तरं: ९६,८००
चिखल काढणं, डिझेल, मजुरी: ४१,९००
(यातल्या ६,२०० रुपयांना कागद नाही)
वाहतूक: १८,४५०
बँकेत शिल्लक: ५५,२००

कंसातली ओळ लिहू नये म्हणून विश्वस्तांत दोन तास वाद झाला. सेक्रेटरी तर उठून गेले. "मला चोर ठरवताय." मी म्हटलं, चोर म्हणत नाही, कागद नाही म्हणते. त्यांनी पदरचे ६,२०० भरायची तयारी दाखवली. ते मी घेतले नाहीत. खर्च खरा होता. तो माणसाने खिशातून भरला की खर्च खोटा होता अशी कबुली होते. त्याऐवजी त्यांचं सहीचं निवेदन फायलीत लावलं. ऑडिटरने पुढे त्यावर शेरा मारला, तो आम्ही मारू दिला.

पत्रक लागल्यावर चौथ्या दिवशी पंपवाल्याचा माणूस सायकल टेकवून आत आला. "त्या सहा हजार दोनशेतले तीन हजार आठशे आमचे हायत," म्हणाला. त्याच्याकडे खिशातली डायरी होती, तारीख आणि तास लिहिलेले. तिथेच व्हाउचर केलं, त्याने सही केली. मी पत्रकावर ६,२०० खोडून २,४०० केले, बाजूला तारीख घातली. खोडलेला आकडा दिसेल असाच ठेवला. वह्या उपसून जे सापडलं नाही ते दारावर लावल्यावर चालत आलं. उरलेल्या २,४०० चा कागद आजपर्यंत आलेला नाही. शेरा आहे.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला पत्रक लागतं. सहा-सात ओळी, त्याहून जास्त नाहीत. इंग्रजी शब्द नाहीत. टक्केवारी नाही, रुपये. खाली एक ओळ: "कागद पाहायचे असल्यास रविवारी सकाळी दहा ते बारा." सुरुवातीला चार-पाच जण आले, मग कोणी नाही. तरी मी बसते. शेंगदाणे सोलते.

कोणी प्रश्न विचारला तर तो एका वहीत तारखेनिशी लिहून घ्या आणि उत्तर कधी देणार ती तारीख त्याला सांगा. "तू किती वर्गणी दिलीस?" असं उलट विचारू नका. न देणाऱ्यालाही विचारता येतं, सार्वजनिक या शब्दाचा अर्थच तो. काही जण त्रास द्यायला विचारतात हेही खरं. आमच्याकडे एक गृहस्थ दर महिन्याला सगळ्या झेरॉक्स मागायचे. त्यांना कागद समोर बसून पाहू दिले, झेरॉक्सचे पैसे घेतले, तिसऱ्या महिन्यात येणं थांबलं.

आणि तुम्ही खजिनदार नसून प्रश्न विचारणारे असाल, संस्था दाद देत नसेल, तर धर्मादाय कार्यालयाकडे जा. संस्थेने दाखल केलेल्या कागदांच्या नकलांसाठी तिथे अर्ज करता येतो, तक्रारही देता येते. ते सरकारी कार्यालय आहे, म्हणून त्याला माहितीचा अधिकार लागू आहे. खासगी संस्थेला तो सरसकट लागू नाही. पण सरकारकडून भरीव पैसा घेणाऱ्या संस्थेला लागू होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. तक्रारीत "भ्रष्टाचार चालू आहे" असं मोघम लिहू नका. पावती क्रमांक, तारीख, रक्कम आणि एक प्रश्न लिहा.

एक राहिलंच. पुराच्या पाण्यात आमची आधीच्या वर्षांची पावती पुस्तकं लगदा झाली. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना दप्तर भिजल्याचं लिहून घ्यायला लावलं, ते पुढे कामी आलं. आता दर महिन्याला वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून दोन वेगवेगळ्या घरी पेन ड्राइव्ह ठेवतो. एक माझ्याकडे, एक टेकडीवरच्या वाडीत.

गेल्या गणपतीत आरतीनंतर मी स्वतःच पावती पुस्तकांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि दुधाच्या टेम्पोवाल्याला म्हटलं, "काढ एक." त्याने मधूनच ४१७ काढली, ५१ रुपयांची. घड्याळ लावलं. चौदा मिनिटं लागली, कारण बँकेची स्लिप आमच्या नव्या पोराने दुसऱ्याच फायलीत लावली होती. पाच तारखेच्या पत्रकावर खाली लिहिलं: पावती ४१७, चौदा मिनिटं, स्लिप चुकीच्या फायलीत.